हलका बाण

शारजा
९ नोव्हेंबर २०२४

ती. केरूकाका,

पाया पडतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या प्रज्ञाला मध्ये घालून बोललं की अर्धं बोलणं तिचंच होतं, म्हणून कागदावर लिहितोय. याचा फोटो तिला पाठवतो. ती बाजाराला धडगावला गेली, रेंज आली, की तिच्या मोबाइलवर येईल. तुम्ही पण असंच लिहा आणि तिला फोटो काढायला सांगा.

मी आता गोदामात माल उचलत नाही. आमचं दुकान तिरंदाजीच्या सामानाचं आहे, मागे सरावाची लांब गॅलरी आहे. ऑगस्टात एक गिऱ्हाईक ओरडत आलं, बाण वेडेवाकडे जातात म्हणून. मॅनेजर ओवेसभाई धनुष्यच तपासत बसले. मी खोकी ठेवता ठेवता बाण हातात घेतला तर एकाच बाणाला दोन पिसं डाव्या पंखाची, एक उजव्या पंखाचं. लहानपणी होळीचे बोथट बाण करताना तुम्ही मला याच्यावरूनच टपली मारली होती. मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ओवेसभाईंनी मला बाण बांधायच्या टेबलावर बसवलं.

आता एक विचारायचंय. फहद नावाचे एक स्थानिक साहेब आहेत. डोंगराकडे दीड तासावर त्यांची भिंत घातलेली मोठी जागा आहे. त्यांच्या वडिलांनी आफ्रिकेतून हरणं आणून तिथं पाळली. आपल्या नीलगायीएवढी मोठी. त्यातला एक म्हातारा नर माजलाय, शिंगं मारून त्याने दोन माद्या मारल्या. डॉक्टर म्हणाला, याला काढावा लागेल. साहेबांनी रीतसर परवानगी काढलीय. आजूबाजूला कामगार आणि घोड्यांचे तबेले आहेत म्हणून बंदूक नको, बाणाने करणार. मला म्हणतात, "समाधान, एक तीर, खलास. जानवर को तकलीफ नहीं."

बाण मी बांधायचेत. इथं दोन तऱ्हा आहेत. एक बावीस ग्रामचा, बारीक नळी, मागे प्लॅस्टिकची छोटी पाती. तो गोळीसारखा जातो. दुसरा चौतीस ग्रामचा, मोठ्या खऱ्या पिसांचा, हळू जातो. तुम्ही काय म्हणाल?

बाबा कसले बाण वापरायचे? मला आठवत नाही. घरात त्यांचा एकही बाण नाही.

रूमवर आम्ही आठ जण आहोत. शारजात दारू मिळत नाही, ते मला बरं पडतं. दारू पिऊन कड्यावरून पडला त्याचा पोरगा, हे ऐकत वाढलो, आता वासही नको वाटतो. आईला सांभाळा.

तुमचा
समाधान

•

पाडा
१७ नोव्हेंबर

समाधान,

प्रज्ञाने मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलं. पूर्ण वाचलं. तू टेबलावर बसून काम करतोस ते तुझ्या आईला सांगितलं. ती हसली.

भारी बाण दे.

हलका बाण वेगात जातो, पण कातड्याला लागला की त्याचा जीव संपतो. भारी बाण हळू जातो आणि आत जाऊन पण चालत राहतो. ढेकूळ मारलं आणि दगड मारला यात जो फरक आहे तोच. बाण आरपार गेला पाहिजे. दोन भोकं पडली की रक्त जातं, जनावर लवकर बसतं आणि माग पण सापडतो. एक भोक पडलं आणि त्यात बाणच अडकला तर जनावर दिवसभर हिंडतं.

वजन पुढच्या अंगाला जास्त ठेव. बाण बोटावर तोलून बघ, मध्यापासून चार बोटं पुढे तोलला पाहिजे.

पिसांचं सांगतो. पुढे रुंद पातं लावलं की ते पातं स्वतःच वाऱ्यावर उडायला बघतं, जाईल तिकडे तोंड नेतं. त्याला मागून धरून ठेवायला शेपूट मोठं लागतं. पिसं लांब घे, तिन्ही एकाच पंखाची, आणि जरा तिरकी बांध म्हणजे बाण गरगरत जाईल. गरगरला की तोंड भटकत नाही. छोट्या शेपटाने नेमाच्या पाटीवर बाण सरळ लागेल कारण तिथं टोक बारीक असतं, पातं नसतं. रुंद पातं लावून मारून बघ म्हणजे कळेल.

भारी बाण लवकर खाली येतो. म्हणून जवळ जायचं. ज्याला जवळ जायचं नाही त्याने मारू नये.

भारीच दे. हे माझं ऐक.

केरू

•

शारजा
७ डिसेंबर

ती. काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ओवेसभाईंना हिंदीत सांगितलं, ते म्हणाले, "चाचा बराबर बोलता है, लेकिन चाचा के टाइम का कमान अलग था."

रागावू नका, मला पण तसंच वाटतं. आपला कामठा बांबूचा, त्याची ताकद ती किती. तिथं बाणाचं वजनच कामाला येणार. इथल्या धनुष्याला दोन्ही टोकांना चाकं असतात. ते इतक्या जोराने फेकतं की हलका बाणसुद्धा लाकडाच्या फळीत शिरतो. गॅलरीत वेग मोजायचं मशीन आहे. हलका बाण सेकंदाला तीनशे दहा फूट. भारी बाण अडीचशेच्या जरा वर. हलका चाळीस मीटरवरसुद्धा सरळ रेषेत जातो, अंतर थोडं चुकलं तरी चालतं. फहदसाहेबांचं अंतर चुकतं, हे मी पाहिलंय. शिवाय इथं वारा फार. मोठी पिसं वारा धरतात आणि बाण बाजूला सरकतो.

मी दोन्ही बांधलेत. साहेब ठरवतील.

बाकी ठीक. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर गाड्यांची नुसती कोंडी झालेली असते. साहेब मला त्या दिवशी बरोबर नेणार आहेत. त्यांनी मशीनवरचा आकडा पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हबीबी, यू आर आर्टिस्ट." काका, इथं साडेचार वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

बाबांच्या बाणांचं तुम्ही काही लिहिलं नाही.

समाधान

•

पाडा
१५ डिसेंबर

समाधान,

आकडा जनावराला दाखवायचा आहे का?

धनुष्य जोरदार असेल तर भारी बाण आणखी आत जाईल. जोर आहे म्हणून बाण हलका करायचा हे कुठलं शहाणपण. आणि हलक्या बाणाला धनुष्याचा सगळा जोर घेता येत नाही, उरलेला जोर आवाज होऊन बाहेर पडतो. जनावर आवाज ऐकून बाण पोचायच्या आत हलतं. भारी बाण सुटला तर धनुष्य कमी ओरडतं.

वारा असेल तर थांबायचं नाहीतर आणखी जवळ जायचं. वीस पावलं.

तुझ्या बापाचं आता काय विचारतोस. बावीस वर्षं झाली.

हे लांब मारायचं वेड सोड.

केरू

•

शारजा
१२ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमच्या मागच्या पत्राचा मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक खोटं सांगितलं होतं ते कबूल करतो. दोन्ही बांधलेत, साहेब ठरवतील, असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, कुठला चांगला? मीच म्हटलं, हलका. सहा हलके बांधले. भारी एकच बांधला, तुमचं मन राखायला, आणि भात्याच्या कडेला खोचून ठेवला.

परवा सकाळी आम्ही गेलो. नर एकटाच दगडांच्या उताराला चरत होता. चाळीस मीटरवरून जवळ जायला आडोसा होता, पण साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, इथूनच बसेल. समुद्राकडून वारा होता.

धनुष्याचा आवाज झाला तसा नर दचकून वळला. बाण बरगड्यांत लागायला हवा होता, तो हातभर पुढे जाऊन खांद्याच्या हाडावर बसला. वाऱ्याने पातं पुढे ओढलं, का नर वळला म्हणून, का दोन्ही, मला सांगता येत नाही. बाण वीतभरच आत गेला. बाकीचा बाहेर लोंबत होता आणि नर पळताना हलत होता. मी बांधलेली हिरवी पाती मला दिसत होती.

साहेब मागे धावायला निघाले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, बैठो सर, अभी दौड़ाएगा तो रुकेगा नहीं. अर्धा तास आम्ही दगडावर बसलो. ते तसबीहचे, जपमाळेचे, मणी ओढत होते. मग माग काढायला लागलो. रक्त फार थोडं होतं. चार-पाच थेंब, मग पन्नास पावलं काहीच नाही. तुम्ही लिहिलं होतं तसंच, भोक एकच आणि त्यात बाण. मी खुरांवरून पुढे जात राहिलो. पुढचा उजवा पाय तो ओढत होता, वाळूत रेघ होती. त्या रेघेमागे आम्ही सकाळी आठपासून दुपारी अडीचपर्यंत चाललो.

तो पाण्याच्या हौदापाशी घाफच्या झाडाखाली बसलेला सापडला. आम्हाला पाहून उठायला लागला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा उठला. मी भात्यातला भारी बाण काढून साहेबांना दिला आणि म्हटलं, और पास. आम्ही पंधरा पावलांवर गेलो. धनुष्याचा आवाज झालाच नाही म्हणा. बाण त्याच्यातून आरपार जाऊन पलीकडे वाळूत रुतला. नर चार पावलं चालला आणि बसला, मग मान टाकली. मोजून दहा श्वास असतील.

साहेब त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "समाधान, ये वाला पहले क्यों नहीं दिया?"

मी म्हटलं, "सर, मुझे मालूम था. घर से चाचा ने लिखा था."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शारजात गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, "वो मेरे बाबा का जानवर था."

काका, त्या साडेसहा तासांत मी एकच विचार करत होतो. तुम्ही इतकं ठासून लिहिलं होतं. भारी बाण चांगला हे कुणीही सांगेल, पण तुम्ही घाबरून लिहिल्यासारखं लिहिलं होतं. तुम्हाला हे इतकं कसं माहीत?

समाधान

•

पाडा
२० जानेवारी
(पोस्टाने, दुकानाच्या पत्त्यावर)

समाधान,

हे पत्र प्रज्ञाला दाखवत नाही. धडगावला जाऊन स्वतः टपालात टाकतो.

तू खरं सांगितलंस. तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचा मी, मला ते जमलं नाही. आता सांगतो.

तुझा बाप दित्या कड्यावरून पडला नाही.

त्या वर्षी मक्यात डुकरं फार यायची. एका रात्रीत अर्धं शेत लोळवायची. शिकार बंद होती, केस होते, ते आम्हा दोघांना माहीत होतं. तरी आम्ही कामठा बाहेर काढला. डुकरं जवळ येऊ देत नव्हती. दित्या म्हणाला, दादा, लांब जाईल असा बाण कर. तेव्हा बाण करण्यात माझा हात पाड्यात सगळ्यात चांगला होता आणि मला तो गर्व होता. मी बोरू तासून बारीक केला. पातं छोटं लावलं. पिसं कापून आखूड केली, कारण मोठी पिसं वेग खातात. तुला जे आज मशीन सांगतं ते मला तेव्हा कळत होतं. सहा बाण केले. पहिला मारून पाहिला तर मोहाच्या झाडापलीकडे गेला. दित्या नाचला. मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताना मोठा डुक्कर मक्याच्या कडेला आला. मी राखणीच्या माळ्यावर होतो, दित्या खाली बांधावर. त्याने लांबून मारला. डुकराच्या खांद्यावर कातडं ढालीसारखं असतं. बाण त्यात अडकून राहिला. डुक्कर पळाला नाही, वळला आणि दित्यावर आला. मांडीत सुळा घातला. मी माळ्यावरून उडी मारून पोचेपर्यंत तो त्याला टाकून गेला होता. मी फडकं बांधलं, पाठीवर घेतलं. सडक दोन कोसावर. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, दादा, तहान लागली. सडक यायच्या आधीच तो गेला.

वाटेत कडा लागतो. मी त्याला त्या कड्याखाली ठेवलं आणि पाड्यात जाऊन सांगितलं, दित्या पडला. मला अटक झाली असती तर दोन घरं उघडी पडली असती, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. पण मला बाणाचं पण लपवायचं होतं. पंचनाम्याला आलेले विचारायला लागले, पडला कसा, पायाखालची वाट होती की. कुणीतरी म्हणालं, प्यायला असेल. मी नाही म्हटलं नाही. तू सात वर्षांचा होतास.

उरलेले पाच बाण जाळले. त्याचे जुने होते ते पण जाळले. त्यानंतर पात्याचा बाण मी केला नाही.

आता तू काय ते ठरव.

केरू

•

शारजा
२२ फेब्रुवारी
(पोस्टाने, तुमच्याच नावावर)

काका,

तुमचं पत्र चौदा तारखेला मिळालं. आठ दिवस कामावर जाऊन आलो, पण काय केलं ते आठवत नाही. ओवेसभाईंनी दोनदा विचारलं, घर पे सब ठीक? मी म्हटलं, ठीक.

बाणाचा मला राग नाही. मी तो धरूच शकत नाही. मी तोच बाण बांधला, त्याच गर्वाने, तुम्ही नको म्हणत असताना. माझ्या बाणाने जनावर हाल होऊन मेलं. बांधावर माणूस उभा असता तर माणूस मेला असता. तुमच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक.

पोलिसांना खोटं सांगितलं, तेही मी समजतो. तुम्ही आत गेला असतात तर मला आणि प्रज्ञाला कुणी जगवलं असतं?

पण दारूचं मला समजत नाही. आश्रमशाळेत जेवणाच्या रांगेत पोरं मागून बाटली प्यायची नक्कल करायची. मी घरी येऊन तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो होतो. तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणालात, जाऊ दे, बाप शेवटी बाप असतो. म्हणजे तो प्यायला होता, हे तुम्ही मला स्वतः पटवलंत. मी त्याचा तिरस्कार केला, काका. बावीस वर्षं. तो पाणी मागत मेला आणि मी समजत होतो की तो दारूने मेला.

आता केस कुणी काढणार नाही. काढली तर मी वकील करेन. पण आईला सांगा. तिला सांगून झालं की चार माणसांना सांगा. होळीला सगळा पाडा जमतो, तेव्हा सांगा. मी येईन मग बोलू असं करू नका. मी येण्याच्या आधी सांगा. तोपर्यंत मला लिहू नका.

समाधान

•

पाडा
१६ मार्च

समाधानदादा, मी प्रज्ञा. काकू सांगते तसं लिहिते. माझं एक अक्षर घालत नाही.

समाधान बाळा,

तुझे काका होळीच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले. दारात उभे राहिले, आत येईनात. उभ्यानेच सगळं सांगितलं. मग होळीला ढोल थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते फार मोठ्याने बोलतात. पलीकडच्या पाड्यापर्यंत गेलं असेल. दित्या प्यायला नव्हता, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग पाटलाच्या म्हातारीने उठून माझे हात धरले.

आता माझं ऐक. तुझ्या बापाला अंघोळ मी घातली. मांडीतली जखम मी पाहिली. मी शेतकऱ्याच्या घरातली, डुकराचा सुळा मला कळत नाही का? त्याच्या तोंडाला तोंड लावून मी रडले, त्याला दारूचा वास नव्हता. म्हणजे पडला नाही आणि प्यायला नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, तुझे काका आपल्याला पोलिसांपासून वाचवताहेत. मी पण गप्प बसले. लोक दारू म्हणाले तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग कसा मेला. म्हणून नाही म्हटलं नाही.

तू शाळेतून रडत आलास तेव्हा मी चुलीपाशीच होते. तू काकाच्या मांडीवर होतास आणि मी भाकरी थापत होते. मी ऐकलं सगळं. उठले नाही.

बाणाचं मात्र मला माहीत नव्हतं. ते होळीच्या आदल्या दिवशी कळलं. त्याचं काय करायचं मला अजून समजलेलं नाही. मी त्यांच्या घरी जेवायला जात नाही. ते रोज सकाळी येतात, ओट्यावर बसतात. मी पाण्याचा तांब्या ठेवते. ते पितात आणि जातात. रोज असं चाललंय. उद्या पण ठेवीन, एवढं मला ठाऊक आहे.

तू ये. आलास की तुझ्या बापाबद्दल मी तुला सांगते, तो कसा होता ते. मी कधी सांगितलंच नाही, कारण कुठून पण सुरुवात केली तरी शेवट तिथंच आला असता.

आणि त्यांना लिहू नका म्हणालास. तो राग तुझा आहे, ठेव. पण एकट्या त्यांच्यावर ठेवू नकोस. मला पण त्यात धर.

कृष्णाबाई